दोन बोटं माया

३ सप्टेंबर

आक्का,

साष्टांग घालणार होतो, गुडघ्यांनी नकार दिला. पोचला असं धर.

पेटीत तीन गणवेश आहेत. त्यांची खरी किंमत सांगतो. कापड दुकानातलं, दोरा दुकानातला, हात माझे, म्हणजे जगाच्या हिशेबाने फुकट. माझ्या हिशेबाने असं, की एका नवऱ्यामुलाचा कोट रखडला आणि तो मेहुण्याच्या कोटात लग्नाला उभा राहिला. कारागीर सुस्तावले, कारण मालकच एका पोरीच्या स्कर्टला एवढा वेळ लावतो तर आम्हाला कसली घाई. आणि पोरीच्या, आपल्या टाचणीच्या, आईने माझ्याशी बोलणं टाकलं, ते अजून उचललेलं नाही. म्हणते, नऊ वर्षांची पोर परक्या जागी कोण ठेवतं? मी म्हटलं, परकी कशी, सख्खी आत्या वसतिगृहाची मुख्य आहे. तर म्हणते, "म्हणूनच."

तूच सांग, मी चुकतोय का? शाळेतून आली की पोर दुकानात. मशीनखाली बसून चिंध्या जोडते, आणि पोरीला मशीनवर बसू द्या म्हणून कारागिरांकरवी वशिला लावते. मला तिच्या हातात सुई नको. सुईने माझं पोट भरलं, पण मान वाकली ती वाकलीच.

गणवेशाच्या प्रत्येक शिवणीत दोन बोटं माया ठेवली आहे. तुमच्या शिवणाच्या बाईंना सांगून ठेव, की ते आत दडवलेलं जास्तीचं कापड मुद्दाम आहे, कापायचं नाही. पोर अंग धरेल तसतशी शिवण उसवून माया सोडत जायची. शिकलेल्या बायका आधी मायेलाच कात्री लावतात, म्हणून सांगतो.

आता कामाचं. पोर माझी आहे, घासाघीस तिच्या रक्तात आहे. घरी यायला काहीबाही काढेल. पोट दुखतं, डोकं दुखतं, मुली चिमटे काढतात. तू हलायचं नाही. गिऱ्हाईक पाठ फिरवून पायरी उतरलं तरी दुकानदाराने भाव सोडायचा नाही, ते परत येतं. आक्का, तू पुस्तकं वाचलीस, मी माणसं वाचली. माणूस उंबऱ्यात उभा राहिला की त्याची कंबर किती आणि दानत किती, हे मला फीत न लावता कळतं. पोटच्या पोरीचं कळणार नाही?

फोन करत नाही. तुमच्या कचेरीतल्या कारकूनबाई दोन्ही बाजूंचं ऐकतात आणि मध्ये सल्लाही देतात.

धाकटा

२१ सप्टेंबर

धाकट्या,

पोर पोचली, पेटी पोचली, उपदेशही पोचला. तू शिंपी कशाला झालास, वकील व्हायचास.

मुलगी हुशार आहे. आल्या दिवशीच तिने मला विचारलं, "आत्या, अंघोळ रोज की एक दिवसाआड? एक दिवसाआड असेल तर मी साबण कमी लावेन." मी म्हटलं, इथे मी आत्या नाही. सगळ्या मुली बाई म्हणतात, तूही बाई म्हणायचं. "मग रविवारी आत्या म्हणू?" म्हटलं, नाही. "बरं, रविवारी दुपारी? सगळ्या झोपलेल्या असतात तेव्हा?" मला तोंड फिरवून हसावं लागलं. ते तिला दिसलं नाही, याची मी काळजी घेतली.

गणित उत्तम, अक्षर गिचमीड. गणवेश अंगावर छान बसले आहेत. शिवणाच्या बाईंनी स्कर्ट उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढी माया हल्ली कुणी ठेवत नाही." तुला ऐकायला आवडेल म्हणून लिहिलं.

मुलींची पत्रं जाताना-येताना माझ्या हातून जातात, हे तुला ठाऊक असावं. खाडाखोड करत नाही, वाचते. आणि लाडावणार नाही. आईच्या मागे तुला मी जसं वाढवलं तसंच तिला. तू काही वाकडा गेला नाहीस.

आक्का

१४ ऑक्टोबर

बाबा,

मला मोठी बाटली पाठवा. इस्त्रीपाशी पाणी शिंपडायला आहे ना, तेवढी मोठी. माझी बाटली पहिल्याच तासाला संपते. मग मी पाणी प्यायला जाते, मग बाथरूमला जाते, मग परत तहान लागते. वर्गातल्या बाई म्हणाल्या, तू इथे शिकायला येतेस की फेऱ्या मारायला? मुली मला नळ म्हणतात. मी म्हटलं, मी नळ असते तर मला तहान लागली असती का, अकलेच्या कांद्यांनो.

स्कर्ट खाली घसरतो. मी टाचणी लावली आहे. टाचणीला टाचणी, असं मीच आधी म्हणून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणता येत नाही. मी जेवण टाकत नाही. दोनदा वाढून घेते, तरी भूक लागते.

मला घरी न्या. नाही नेलंत तर मी वाळून जाईन, आणि मग तुम्ही म्हणाल, अरेच्चा, ही तर खरंच वाळली.

आईला सांगा मी रडत नाही. म्हणजे रडते, पण तसं सांगू नका.

तुमची टाचणी

(वाचलं. धमकी थेट तुझ्या वळणाची आहे. — आक्का)

२० ऑक्टोबर

आक्का,

"वाळून जाईन"! मी ते पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. हसून हसून कात्री खाली ठेवावी लागली. अगं, ही पहिली बोली आहे. एक बाई माझ्याकडे वर्षानुवर्षं येतात. प्रत्येक ब्लाउज घालून बघतात आणि म्हणतात, "मास्तर, श्वास कोंडतो हो, मरेन मी यात." मी म्हणतो, "ताई, मग ठेवून जा, दुसरीला विकतो." लगेच श्वास मोकळा होतो. आजवर मेल्या नाहीत.

बाटली पाठवत नाही. बाटली दिली की चादर मागेल, चादर दिली की तिकीट. आणि स्कर्ट घसरतो म्हणे! मी कापलेली कंबर घसरत नाही, आक्का. पट्टीचं बटण तुटलं असेल, नाहीतर पोर जेवण टाकत असेल आणि वर लिहीत असेल की टाकत नाही. न विचारता सांगितलं, तिथेच मला शंका आली. ताटावर नजर ठेव. मी मागे सरलो नाही, तूही सरू नकोस. दोघांपैकी एकानं जरी भाव सोडला तर ही पोर आपल्याला जन्मभर विकून खाईल.

तिच्या आईला पत्र दाखवलं नाही. उगाच पिशवी भरायला घेईल.

धाकटा

५ नोव्हेंबर

धाकट्या,

ताटावर नजर ठेवली. टाकत नाही. दोघींचं एकटी जेवते आणि तिसरीच्या ताटाकडे बघते. तरी गालफडं बसली आहेत. महिन्याला येणारे डॉक्टर मुलींना रांगेत उभं करून जिभा बघतात. त्यांनी जंतांचं औषध लिहून दिलं.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. तुझी घोडी अंथरूण ओलं करते. रोज. खोलीतल्या मुली नाकाला फडकी लावून झोपतात. मी तिला स्वतःची गादी स्वतः उचलून अंगणात वाळत घालायला लावते, सगळ्यांच्या वाटेवर. लाज वाटली की सवय सुटते. संध्याकाळच्या जेवणानंतर पाणी बंद केलं, पिंपाला कुलूप लावलं. तर परवा फरशी पुसायच्या बादलीवर ओणवी सापडली. मी म्हटलं, "जनावर आहेस का?" तर म्हणते, "बाई, जनावराला कुणी मोजून पाणी देत नाही." मी एक थोबाडीत दिली. तुला कळवते, लपवत नाही.

आणि मुंग्या. गादी अंगणात टाकली की मुंग्यांची रांग लागते, दुसऱ्या कुणाच्या गादीला नाही. म्हणजे ही बिछान्यात बसून साखर खाते. स्वयंपाकघरातून उचलत असणार. पेटी झाडून बघितली, उशी उसवली, काही सापडलं नाही. सापडेल कशी, पोर कुणाची! विचारलं तर "नाही" म्हणते आणि पाणी मागते. प्रार्थनेच्या वेळी गळ्यात पाटी अडकवून उभी केली, "मी साखर चोरते". मुलींनी तिचं नाव नळावरून मुंगी केलं.

स्कर्ट आत घ्यावा लागला. शिवणाच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाने दोन बोटं माया दिली होती, आता चार बोटं झाली. पोर उरली नाही, नुसती मायाच उरलीय शिवणीत." त्या जरा हळव्या आहेत.

आक्का

१० नोव्हेंबर

टाचणी,

तुझी आत्या मला सगळं कळवते, तेव्हा गोष्टी रचायचे कष्ट घेऊ नकोस.

पाण्याचं मी समजू शकलो. गादीचंही समजलो, तुझ्या बापाने लहानपणी तसले पराक्रम केलेले आहेत, आत्याला विचार. पण चोरी? अगं, गिऱ्हाईकाच्या कापडातून उरलेला तुकडा मी पिशवीत घालून परत देतो. आणि माझी पोर साखर उचलते, वर नाही म्हणते!

चल, सौदा करू. तुझा-माझा, सरळ. तू चोरी कबूल कर, लेखी, आत्याची माफी माग. कबूल केलंस की मी स्वतः येऊन तुला घरी आणतो. बापाचा शब्द आहे. मी शब्दाला किती पक्का आहे ते बाजारात कुणालाही विचार.

बाबा

१५ नोव्हेंबर

बाबा,

मी साखर चोरली. आत्याची माफी मागितली. आता मला न्यायला या.

किती चोरली ते आत्याला विचारा, मला माहीत नाही. कुठून चोरली तेपण त्याच सांगतील. तुम्ही म्हणाल तेवढी चोरली.

येताना पाणी आणा. माझं पोट दुखतं. हे खोटं नाही, पण तुम्हाला खोटं वाटत असेल तर राहू दे, नुसतं पाणी आणा. अक्षर वाकडं आलंय कारण ओळी हलतात. फळ्यावरचंही दिसत नाही.

मी पेटी भरून ठेवली आहे.

टाचणी

१९ नोव्हेंबर

टाचणी,

शाब्बास. खरं बोललीस, बापाची मान वर झाली.

आता व्यवहारातली एक गोष्ट शीक. गिऱ्हाईक पटकन हो म्हणालं की समजावं, अजून थोडं ताणता येतं. तू इतक्या लवकर कबूल केलंस त्यावरून मला कळलं, की तुला चोरीची लाज कमी आणि घरची ओढ जास्त. म्हणून सौद्यात एकच छोटी दुरुस्ती. परीक्षा देऊन टाक. तोंडावर तर आली आहे. परीक्षा झाली की मी दारात हजर. पेटी भरली आहेस तर भरलेलीच राहू दे, बरंच आहे.

पोट दुखत असेल तर साखर कमी खा. (हा विनोद होता. हस.)

बाबा

२ डिसेंबर

धाकट्या,

तू आलास, आणि तिच्या आईला दवाखान्यात तिच्यापाशी ठेवून दुकानाकडे परत गेलास. तुझ्यासमोर मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मध्ये थांबवू नकोस, पत्राला तसं थांबवता येत नाही, म्हणूनच लिहिते.

तुझं शेवटचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं, कारण तिला अक्षर लागत नव्हतं. मला वाटलं, तेही नाटक. तिने सगळं ऐकलं. कंसातलंसुद्धा. म्हणाली, "बाबांनी भाव वाढवला." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी उठेना. उलट्या झाल्या होत्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि तोंडाला वास येत होता, फळं नासल्यासारखा, गोडसर. मी म्हटलं, "पुरे झाली सोंगं, ऊठ." तोंडावर पाण्याचा हबका मारला. ती डोळे न उघडता ओठांवरचं, गालावरचं पाणी जिभेने चाटत राहिली. पोचेल तेवढं. तेव्हा मी गाडी मागवली.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण आहे. ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलटून काहीतरी बोलले असते. तिने विचारलं, फार तहान लागत होती का? म्हटलं, हो. लघवी सारखी? हो. आधी कोरडी झोपणारी मुलगी अंथरूण ओलं करायला लागली? हो. भरपूर खाऊन वाळत होती? हो. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं."

धाकट्या, हा मधुमेह आहे. म्हाताऱ्यांचा नव्हे, मुलांचा, टाइप वन म्हणतात. गोड खाऊन होत नाही, लाडाने होत नाही, कुणाच्या चुकीने होत नाही. शरीर आपलंच स्वादुपिंड आपणच मारून टाकतं, मग इन्सुलिन तयार होत नाही. इन्सुलिन नसलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. साखर रक्तात साठते आणि लघवीतून निघून जाते, जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून तहान. मी पाणी बंद केलं, तरी ते तिच्यातून जातच होतं. ती उपाशी नव्हती, पण तिचं अंग उपाशी होतं. ते स्वतःचं मांस जाळत होतं आणि त्या जळण्याचं विष रक्तात चढत होतं. श्वास त्याचा, वास त्याचा, पोटदुखी त्याची. ज्या दिवशी ती पहिल्यांदा बादलीवर वाकली त्या दिवशी कुणी बोट टोचून एक थेंब रक्त तपासलं असतं, तर त्याच दिवशी कळलं असतं.

मुंग्या साखर चोरल्याने आल्या नव्हत्या. साखर तिच्यातून गळत होती.

इन्सुलिन रोज टोचायचं, दर जेवणाच्या आधी आणि झोपताना. आयुष्यभर. सुटी नाही. टोचत राहिलं तर ती शिकेल, पळेल, म्हातारी होईल. डॉक्टरने हे तीनदा सांगितलं, कारण तू तिला तीनदा विचारलंस, "पण साधारण किती दिवस?"

आक्का

१० जानेवारी

आक्का,

झालं ते झालं. तू स्वतःला एवढा बोल लावू नकोस, मीही लावत नाही. पोर घरी आली आहे, गालांवर रंग आहे, तू आत घेतलेल्या चार बोटांतली तीन मी परत सोडली. दुकानात सांगतो, "माझ्या टाचणीला आता रोज टाचण्या लागतात." लोक हसतात. ती हसत नाही, पण हसेल.

आता ऐक, कान उघडे ठेवून. "आयुष्यभर" म्हणाली होती ना ती डॉक्टर? परवा दाखवायला नेलं, तर रक्त बघून तिनेच डोस जवळजवळ अर्ध्यावर आणला! मी न मागता! काय सांगत होतो मी? अगं, कुणीही शहाणा माणूस पहिली बोली चढीच लावतो. "आयुष्यभर" ही पहिली बोली होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, खाली आणायला अजून जागा आहे.

पोरीला तयार करतोय. हळूहळू. मी तिला म्हटलं, एक दिवस टोचून न घेता काढून दाखवलास, की तुला मशीनवर बसू देतो. तिला ते किती हवंय ते तुला माहीत आहे. बापाचंही मन मोठं करावं लागतं.

तिची आई परत बोलत नाही.

धाकटा

१४ जानेवारी

धाकट्या,

हातातलं काम टाकून लिहिते. हा भाव नाही. तुझं पत्र घेऊन मी डॉक्टरकडे गेले. ती म्हणाली, सुरुवातीला असं होतं. स्वादुपिंड पुरतं विझण्याआधी काही आठवडे, काही महिने थोडं इन्सुलिन देतं. दिवा जाण्याआधी मोठा होतो तसं. म्हणून डोस उतरतो. पुढे तो चढणारच, आणि बंद केला तर पोर पुन्हा तिथेच येईल जिथून आपण तिला ओढून आणली.

तिला मशीनचं आमिष दाखवू नकोस. मी तुझ्या पाया पडते. थोरल्या बहिणीने असं लिहू नये, तरी लिहिते.

गिऱ्हाईक पायरी उतरलं तरी भाव सोडायचा नाही, असं तू लिहिलं होतंस. मी सोडला नाही. धाकट्या, पोर पायरी उतरली होती, आणि ती परत येणार नव्हती.

उत्तर पाठव.

आक्का

२० फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नाही, ते मी देते. मी तुम्हाला आजवर पत्र लिहिलेलं नाही. लिहावंसं वाटलं नाही.

त्यांनी आधी रात्रीचं इन्सुलिन बंद केलं. मी टोचायला गेले तर म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस, आमचा बाप-लेकीचा करार आहे." मग दुपारचं. मग एक दिवस काहीच टोचलं नाही, आणि शब्दाप्रमाणे तिला मशीनवर बसवलं. मशीन पायाचं. तिचे पाय पुरेनात, तर खाली पाट ठेवला. वन्सं, पोरीने सरळ शिवण घातली, एक टाका वाकडा नाही. त्यांनी ते कापड सगळ्या बाजारात फिरवून दाखवलं. "सुईशिवाय सुई चालवली," म्हणून. दुसऱ्या दिवशीही टोचलं नाही. तिने मागितलं होतं. म्हणाले, "एवढी जिंकलीस, आता घाबरतेस?"

तिसऱ्या दिवशी ती मशीनवर ओकली. तो वास आला. मी कुणाला विचारलं नाही, उचलून दवाखान्यात नेली. ते मागून आले. डॉक्टरने त्यांना खूप बोलून घेतलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, आणि शेवटी विचारलं, "म्हणजे अजून थोडा वेळ द्यायला हवा होता का?"

आता बरी आहे. काल मला म्हणाली, "आई, मी आत्याकडे जाऊ?" मी म्हटलं, जिने तुला घोटभर पाणी दिलं नाही तिच्याकडे? म्हणाली, "आत्याला आता कळलंय. कळलं की आत्या तसंच करते. बाबा रोज नवीन भाव करतात."

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणारही नाही. येऊन तिला घेऊन जा. ते दुकानात असतील तेव्हा या. मी बरोबर येणार नाही, कारण ते तिला परत आणायला निघतील तेव्हा दारात आडवं पडायला कुणीतरी हवं.

टाचणीची आई

१२ मार्च

आक्का,

माझ्या माघारी माझ्या घरातून माझी पोर नेलीस. बाजारात मी सांगितलं, शाळा बुडत होती म्हणून पाठवली. लोकांना पटलं. मला तोंड आहे म्हणून पटलं.

मी वाईट माणूस आहे का? हातात एक कात्री घेऊन मी या शहरात आलो. आज तीन मशीनं आहेत. घासाघीस केली म्हणूनच ना? कुणी "हे असंच आहे" म्हटलं आणि मी मान डोलावली असती, तर आजही दुसऱ्याच्या दुकानात काज-बटण करत बसलो असतो. पोरीसाठीच करत होतो. तिला जन्मभर कुणी टोचू नये म्हणून. यात माझं काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही, आणि कुणी नीट सांगतही नाही. तिची आई तर दारातच बसून असते.

ते असू दे. नवं वर्ष सुरू होईल, गणवेश लागतील. तिचं माप पाठव. कंबर, छाती, खांदा, उंची. फीत घट्ट धर, मागच्या वेळी स्कर्ट आत घेताना तुम्ही ती सैल धरली होती अशी मला अजून शंका आहे. बाजारातून तयार कपडा घेण्याच्या भानगडीत पडू नकोस. तिचं अंग वेगळं आहे, एक खांदा किंचित उतरता आहे, हे फक्त मला माहीत. तयार कपड्यात ती गोणीत घातलेल्या काठीसारखी दिसेल. जन्मल्यापासून माझ्या हातचं सोडून एक कपडा तिच्या अंगाला बसलेला नाही. लाव पैज. कापड काढून ठेवलं आहे, तुझ्या पत्राची वाट बघतो आणि कात्री चालवतो.

आणि तिला विचार, घरून काय हवं? मागेल ते. घासाघीस नाही.

धाकटा

२५ मार्च

धाकट्या,

ती बरी आहे. बोट टोचून साखर स्वतः बघते, इन्सुलिन स्वतः टोचून घेते, मी फक्त शेजारी उभी राहते. खेळायच्या आधी थोडं खाते. परवा मैदानात हातपाय कापायला लागले, घाम फुटला. साखर उतरली होती. तिने कुणाला न विचारता साखर तोंडात टाकली. मुली बघत राहिल्या. कुणी मुंगी म्हटलं नाही.

प्रार्थनेच्या वेळी मी सगळ्यांना सांगितलं, की हिने चोरी केली नव्हती, चूक माझी होती. ती ओळीत उभी होती. तिला पुढे बोलावलं, आली नाही.

पिंपाचं कुलूप काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे. मी तिला म्हटलं, आता मला आत्या म्हणत जा, रोज, सगळ्यांसमोर. "हो बाई," म्हणाली.

तुझा प्रश्न विचारला. घरून काही नको म्हणाली. मी म्हटलं, नीट विचार कर, बाबांनी मागशील ते म्हटलंय. तिने विचार केला आणि म्हणाली, "आई कधी येणार ते विचारा." तर ते विचारते.

माप पाठवत नाही. शाळेच्या फाटकासमोरच्या दुकानातून तयार गणवेश आणला. बरोबर बसला.

आक्का